चक्कीच्या कणकेचा सावरडो स्टार्टर अन घरचा ब्रेड: आपल्या विदर्भातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

सावरडो म्हणजे दुकानातल्या यीस्टशिवाय, आंबवलेल्या पीठ-पाण्यानं फुगवलेला ब्रेड, अन ते बरणीत पाळलेलं आंबलेलं पीठ म्हणजे स्टार्टर. त्याच्या बहुतेक रेसिपी थंड देशातल्या लोकांनी लिहिलेल्या आहेत, तिथं स्वयंपाकघर वीस-बावीस अंशाला असते अन पीठ मिलमधलं बारीक. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा, डिसेंबरात रात्री १० च्या खाली, कणीक गावच्या चक्कीची, पाणी बोअरचं. मंग त्या वेळा जुळत नाहीत अन माणूस दोनदा करून सोडून देते. सोडू नका. गहू आपला आहे तर वेळापत्रक पण आपलंच पाहिजे, एवढीच गोष्ट आहे. बाजाराच्या दिवशी, फोनवर, लग्नाच्या पंगतीत लोकं जे विचारतात ते सगळं एका जागी लिहून ठेवतो.

भाऊ, इस्ट दुकानात भेटते, मंग हे स्टार्टरचं झंझट कायले?

मैद्याचा पाव करायचा असेल तर दुकानातलं इस्ट चालते, माझं काही म्हणणं नाही. पण पूर्ण गव्हाच्या ब्रेडला स्टार्टरच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दुकानातल्या पुडीत एकाच जातीचं यीस्ट असते, ते गॅस करते, पीठ तास-दीड तासात फुगवते, बस. स्टार्टरमधे जंगली यीस्ट असते अन त्याच्यासोबत लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू असतात, दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंदच. यीस्ट पीठ फुगवते अन जिवाणू आंबटपणा आणतात. तो आंबटपणा आला की कोंड्यातलं फायटिक आम्ल तुटायला लागते, ते तुटलं की कोंड्यातलं लोह अन जस्त अंगाला जास्त लागते. कोंडा मऊ पडतो, चव येते, ब्रेडला बुरशी उशिरा लागते. कोंड्यासकट कणीक खायची तर तिला एवढा वेळ दिलाच पाहिजे.

पीठ-पाणी चार दिवस उघड्यावर ठेवायचं म्हणजे ते सडणार नाही का?

आपल्या घरात उन्हाळ्यात कुरडया होतात की नाही? गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, आंबट वास सुटतो, मंग वाटून चीक काढतो. कोणी म्हणत नाही की गहू सडला. हे तेच काम आहे, फरक एवढाच की कुरडईत आंबलेलं पाणी ओतून देऊन चीक ठेवतो अन इथं ते आंबवणारे जीवच सांभाळून ठेवायचे असतात. आंबट वास चालतो, दारूसारखा वास चालतो, पहिल्या दोन-तीन दिवसात घाण वास आला तरी चालतो. गुलाबी किंवा नारंगी रंग दिसला, वर केसाळ बुरशी आली, तर वरचं खरडून बाकीचं वापरायचं नाही, सगळं टाकून द्यायचं, बरणी उकळत्या पाण्यानं धुवायची अन नव्यानं लावायचं.

हे जंगली यीस्ट हवेतून येते म्हणतात, खरं का?

थोडंफार येत असेल, पण मुख्य पुरवठा कणकेतूनच होतो. गव्हाच्या दाण्याच्या बाहेरच्या सालीवरच हे जीव बसलेले असतात. म्हणून मैद्यापेक्षा कोंड्यासकट कणकेचा स्टार्टर लवकर उठतो, अन म्हणूनच कणीक चाळायची नाही. बरणी अंगणात उघडी ठेवून "हवा लागू द्या" वगैरे करायची गरज नाही, त्यानं फक्त चिलटं येतात.

गहू कोणता घ्यावा? आमच्या घरी लोकवन आहे.

लोकवन असेल तर दुसरं काही शोधू नका. लोक-१ हे वाण गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतलं, पण आता आपल्या इकडे घरोघरी तेच असते अन त्याच्या कणकेला चिवटपणा चांगला आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची एकेएडब्ल्यू नावाची वाणं पेरत असाल तर ती पण चालतात. मध्यप्रदेशातला शरबती गोड लागतो, भल्ला महाग पडतो, पण ब्रेड होतो.

बन्सीची गोष्ट वेगळी. बन्सी हा कठीण गहू, इंग्रजीत ज्याला ड्युरम म्हणतात त्या जातीचा. शेवया, रवा, लाडू त्याचे एक नंबर. पण त्याचं पीठ ताणलं की ताणल्याच जाते, वापस येत नाही, म्हणून गॅस धरून ठेवायला कमी पडते. नुसत्या बन्सीचा ब्रेड बसका होईल, लोकवनमधे पाव हिस्सा मिसळून पाहा, रंग सुंदर पिवळसर येतो. खपलीचं पण तसंच, चव छान पण फुगण्याची आशा कमी ठेवा.

एक महत्त्वाचं. गहू साठवताना एरंडेल तेल लावलं असेल, कडुनिंबाचा पाला घातला असेल तर काही हरकत नाही. बोरिक पावडर लावलेला गहू असेल तर धुऊन, कडक वाळवूनच दळा. खरं म्हणजे स्टार्टरसाठी किलो-दोन किलो बिनऔषधाचा गहू बाजूला काढून ठेवलेला बरा.

चक्कीवाल्याले काय सांगू?

तीन गोष्टी सांगा. एक, बारीक दळ, पोळीला दळतो त्याच्यापेक्षा जाड नको, जाड कोंडा पिठाचे ताणे कापतो अन ब्रेड उठत नाही. दोन, आपल्या आधी जवारी किंवा चन्याची डाळ दळली असेल तर आपला पहिला अर्धा किलो वेगळा काढून घे, तो पोळ्यांना वापरा. तीन, एकदम घाई करून दळू नको. चक्कीतून कणीक चांगली गरम निघते, हात पोळतो एवढी, तर घरी आणल्यावर डबा बंद करू नका, परातीत पसरून थंड होऊ द्या, नाहीतर डब्यात वाफ धरते अन कणीक लवकर खराब होते. ताज्या कणकेत तेलाचा अंश असतो, उन्हाळ्यात महिनाभरात तिला खवट वास यायला लागते. म्हणून थोडी थोडी दळा.

अन हे लक्षात ठेवा की चक्कीची कणीक मिलच्या पिठापेक्षा पाणी जास्त पिते, दगडाच्या दाबानं स्टार्च फुटलेला असतो म्हणून. विदेशी रेसिपीतलं पाण्याचं माप तिला पुरत नाही.

पाणी कोणतं? आमच्या नळाले ब्लीचिंगचा वास येते.

ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग टाकलं असेल त्या दिवशीचं पाणी रात्रभर गंजात उघडं ठेवा, किंवा उकळून थंड करा, क्लोरीन उडून जाते. विहिरीचं, बोअरचं जड पाणी चालते, आरओचं पण चालते.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या लोकांनी मात्र बोअरचं पाणी घेऊ नये. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी पिण्याच्याच लायक नाही, अन जास्त क्षार असलं की आंबणं पण मंद होते. प्यायला जे पाणी आणता तेच वापरा, साधा नियम, जे पाणी तुम्ही पिता तेच स्टार्टरनं प्यावं.

रोज काय काय करायचं ते एकदा नीट सांगा.

वजनकाटा घ्या आधी, किचनचा छोटा, वाटीच्या मापावर हे काम होत नाही कारण प्रत्येकाची वाटी वेगळी अन दाबून भरलेली कणीक वेगळी.

पहिल्या दिवशी काचेच्या बरणीत ५० ग्रॅम कणीक अन ५० ग्रॅम पाणी, चक्कीची कणीक फार तहानलेली असेल तर ६० पर्यंत, चमच्यानं घोटून घट्टसर धिरड्याच्या पिठासारखं करा. झाकण ढिलं ठेवा, किंवा सुती फडकं बांधा. बरणीला बाहेरून रबर लावा म्हणजे किती वर चढलं ते कळते. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे दिसले तरी ठीक, नाही दिसले तरी ठीक. त्यातलं ५० ग्रॅम ठेवा, बाकीचं काढा, परत ५० कणीक ५० पाणी, यालाच स्टार्टरला खाऊ घालणं म्हणतात. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून जेव्हा चढून उतरायला लागेल तेव्हा दिवसातून दोनदा तेच, सकाळ-संध्याकाळ. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत साधारण आठवडा-दहा दिवसात तयार होते. कडक थंडीत दोन आठवडे धरा. पहिल्यांदा करणाऱ्यानं मे महिन्यात सुरुवात करू नये, पोळा-गणपती झाल्यावर उकाडा कमी झाला की करावी किंवा होळीच्या आधी.

दुसऱ्या दिवशी भल्ला फुगला होता, तिसऱ्या दिवसापासून मेल्यासारखा पडून राहिला. गेला का?

नाही गेला. हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकं विचारतात अन इथंच निम्मे लोकं बरणी धुऊन टाकतात, म्हणून जरा नीट सांगतो. दुसऱ्या दिवशी जो फुगतो तो यीस्टमुळे नसतो. कणकेत दुसरे पण बरेच जिवाणू असतात, त्यांना ओलावा भेटला की ते आधी उड्या मारतात, गॅस करतात, घाण वास पण त्यांचाच. पण ते जे आम्ल बनवतात त्यात ते स्वतःच टिकत नाहीत. पिठाचा आंबटपणा वाढला, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं आंबट तितका आकडा कमी) साडेचारच्या खाली गेला, की ते मरतात अन सगळं शांत होते. आता आंबटपणा सहन करणारे जिवाणू अन यीस्ट यांची पाळी, पण ते हळू वाढतात, त्यांना दोन-चार दिवस लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच होऊन नाही राहिलं असं वाटते. या शांत दिवसात दोनदा-दोनदा खाऊ घालू नका, त्यानं उलट आंबटपणा पातळ होतो अन वेळ लागतो. दिवसाला एकदाच, अन रोज एकदा ढवळा. मंग एक दिवस सकाळी रबराच्या वर गेलेला दिसतो.

वर काळपट पाणी आलं अन थिनरसारखा वास येऊन राहिला.

भूक लागली त्याला. पाणी ओतून द्या किंवा ढवळून टाका, अन पुढच्या वेळी जास्त कणीक द्या. २० ग्रॅम स्टार्टर ठेवून ६० कणीक, ६० पाणी.

उन्हाळ्यात काय करावं? मे महिन्यात तर तीन तासात चढून पडते.

आपल्या इकडचा खरा प्रश्न हाच आहे अन याचं उत्तर रेसिपीत नसते.

यीस्टला २५ ते २८ अंश आवडते. पस्तीसच्या वर गेलं की यीस्ट दमते पण जिवाणू जोरात असतात, म्हणून स्टार्टर फुगतो कमी अन आंबट जास्त होतो. जास्त आंबट पिठात कणकेतलेच विकर (एन्झाइम) ग्लुटेनला, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाला, तोडायला लागतात, पीठ पातळ, चिकट, ताणलं की तुटणारं होते. लोकं समजतात पाणी जास्त झालं, म्हणून कणीक घालतात. पाणी जास्त नाही झालं, वेळ जास्त झाला.

स्टार्टर घट्ट ठेवा उन्हाळ्यात. १० ग्रॅम जुना, ५० कणीक, ३०-३५ पाणी, पोळीच्या कणकेपेक्षा थोडा सैल गोळा. जुना कमी अन नवी कणीक जास्त दिली की त्याला चढायला वेळ लागतो. पाणी माठातलं. बरणीभोवती ओलं सुती फडकं गुंडाळून ती परातीत थोड्या पाण्यात ठेवा अन परात खालच्या मजल्यावर फरशीवर, जमेल तर कुलरच्या खोलीत, पण कुलरच्या थेट झोतात नको, जुन्या टट्ट्यांना बुरशी असते. एप्रिल-मे मधे हवा कोरडी असते म्हणून फडकं अन माठ जबरदस्त काम करतात, चार-सहा अंशाचा फरक सहज पडतो. पाऊस लागला की ही युक्ती बंद, हवेत ओलावा असला की फडकं वाळतच नाही, मंग गार कसं करेल. जुलै-ऑगस्टमधे चढला की सरळ फ्रीजमधे.

पीठ पण असंच. पहाटे चारला भिजवा, तेव्हा घरात सगळ्यात गार असते, फ्रीजचं पाणी वापरा, स्टार्टर कमी घाला, म्हणजे ४०० ग्रॅमला ८० च्या जागी ४०. मीठ लगेच घाला कारण मीठ आंबणं धीमं करते. दोन-तीन तास बाहेर, मंग टिनमधे घालून फ्रीजमधे, संध्याकाळी भाजा.

अन थंडीत?

कोमट पाणी, १ ला १ ला १ चं माप (जुना स्टार्टर, कणीक, पाणी सारख्याच वजनाचे), बरणी गोधडीत गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर किंवा गरम पाण्याच्या बाटलीसोबत डब्यात. बाकी काही नाही, धीर धरा. थंडीतला ब्रेड चवीला सगळ्यात चांगला होतो.

तयार झाला हे ओळखावं कसं? पाण्यात टाकून पाहिला, बुडला.

पाण्यात तरंगण्याची परीक्षा मैद्याच्या स्टार्टरला ठीक आहे, आपला कोंड्याचा जड असतो, चांगला असून पण बुडतो. त्याच्यावर जाऊ नका. खाऊ घातल्यापासून बाहेरच्या गरमीप्रमाणे चार ते आठ तासात दीडपट-दुप्पट चढतो का ते पाहा, अन हे सलग तीन दिवस झालं पाहिजे. आत जाळी दिसते, वास दह्याचा अन पिकलेल्या फळाचा मिळून येतो. वर चढून माथा गोल आहे तेव्हा वापरा, खड्डा पडायला लागला म्हणजे वेळ निघून गेली, तेव्हा आधी खाऊ घाला.

भांडं कोणतं चालते?

काच किंवा चिनी मातीची लोणच्याची बरणी. स्टीलचा डबा चालतो पण आतलं दिसत नाही. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, आंबट लागते त्याला.

रोज काढलेलं पीठ फेकून द्यायचं? अन्न आहे ते.

फेकायचं नाही, बिलकुल नाही, शेतकऱ्याच्या घरात तर नाहीच. पण पहिल्या आठवड्यातलं खाऊ नका, तेव्हा त्यात कोणते जिवाणू आहेत ते ठरलेलं नसते, ते खताच्या खड्ड्यात टाका. स्टार्टर एकदा बसला की मंग काढलेलं पीठ फ्रीजमधे डब्यात जमा करा. धिरड्यात घाला, हिरवी मिरची, सांबार (कोथिंबीर), कांदा टाकून, सोडा न घालता जाळी येते. पोळीच्या कणकेत वाटीभर घाला, पोळी मऊ राहते. थालीपीठात, भज्याच्या पिठात, सगळ्यात जाते. अन मुळात कमी बनवा. तयार झाल्यावर २० ग्रॅमच स्टार्टर पाळला तर काढायला काही उरतच नाही.

ब्रेडचं माप सांगा, एका ब्रेडचं.

४०० ग्रॅम कणीक, ३२० ग्रॅम पाणी, ८० ग्रॅम चढलेला स्टार्टर, ८ ग्रॅम मीठ. पाण्यातलं २० ग्रॅम हातात राखून ठेवा, कणीक पाहून घाला. नवीन गहू असेल तर कमी लागते, जुन्याला जास्त. मऊ पाहिजे असेल तर चमचाभर तेल, पोरं खाणार असतील तर थोडा गूळ पाण्यात विरघळवून. एवढं पीठ आठ-नऊ इंची लांबट टिनमधे बसते.

आधी नुसती कणीक अन पाणी एकत्र करून पाऊण तास झाकून ठेवा, कोंडा पाणी पितो अन मऊ होतो, मळायचे निम्मे कष्ट वाचतात. मंग स्टार्टर अन मीठ.

किती मळायचं? हाताले चिकटून राहिलं, पोळीसारखं होत नाही.

पोळीसारखं होणारच नाही, अन करू पण नका. ज्यांनी नागपूरकडे लांबरोटी करताना पाहिली असेल त्यांना हे सांगावं लागत नाही. त्या बाया लोकवनचं पीठ किती सैल भिजवतात अन किती वेळ आपटून-आपटून मळतात, मंग तेच पीठ हातावर कोपरापर्यंत लांबते अन मडक्यावर पडते तरी फाटत नाही. आपल्या गव्हात दम नाही असं म्हणणाऱ्यानं ती रोटी पाहावी. ती मैद्यानंच होते असा बऱ्याच लोकांचा समज आहे, पण लोकवनची बारीक कणीक वस्त्रगाळ करून पण होते.

ब्रेडला तेवढं आपटायची गरज नाही. हात पाण्यात बुडवून, पीठ एका बाजूनं उचलायचं, ताणायचं, स्वतःवर दुमडायचं, भांडं फिरवायचं, परत. चार बाजू झाल्या की झाकून अर्धा तास. असं तीन-चार वेळा. पहिल्या वेळेस चिखल वाटते, तिसऱ्या वेळेस ते एका जीवाचं झालेलं दिसते. कोंडा आहे म्हणून जोरानं ताणायचं नाही, फाटते.

दुप्पट होऊ द्यायचं ना?

नाही. ते मैद्याचं माप आहे. पूर्ण गव्हाचं पीठ दुप्पट होईपर्यंत थांबलात तर ते आतून थकलेलं असते अन भट्टीत गेल्यावर खाली बसते. निम्म्यानं वाढलं, म्हणजे एकाचं दीड, की बस झालं. हाताला हलकं लागते, भांडं हलवलं की थरथरते, कडेला बुडबुडे दिसतात. २७ अंशाला चार-पाच तास, ३५ ला दोन-अडीच, २० अंशाला आठ-नऊ. या वेळा अंदाजाच्या आहेत, पीठ काय म्हणते ते पाहा. मंग ओल्या हातानं गुंडाळून तेल लावलेल्या टिनमधे ठेवा, अजून तासभर, टिनच्या काठाजवळ आलं की भाजायचं. बोटानं दाबल्यावर खड्डा हळूहळू अर्धा भरला तर बरोबर वेळ, झटकन भरला तर थांबा, भरलाच नाही तर लगेच भाजा.

ओव्हन नाही आमच्याकडे. होईल का?

होते. ज्या भागात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजल्या जातात तिथं ब्रेडसाठी ओव्हनची वाट पाहायची काही गरज नाही.

गॅसवर करायचं तर जाड बुडाची मोठी कढई किंवा जुना मोठा कुकर, शिटी अन रबर काढून, हे विसरू नका. तळाशी मीठ किंवा कोरडी रेती बोटभर, वर स्टँड, झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं चांगलं तापवा. मंग टिन आत, मध्यम आचेवर दहा मिनिटं, नंतर बारीक आचेवर पस्तीस-चाळीस. वरची साल पांढरट राहते, तर टिनमधून काढून तव्यावर उलटा करून पाच-सात मिनिटं शेका. नॉनस्टिकचं भांडं असं रिकामं तापवायचं नाही.

चुलीवर तर अजून चांगला होतो. जाड गंज, आत टिन, वर जड लोखंडी झाकण अन झाकणावर निखारे. खालचा जाळ ओढून घ्यायचा, नुसते निखारे ठेवायचे. वरून-खालून आच लागते म्हणून रंग पण येतो. पहिल्या वेळी आच कळत नाही, पंधरा मिनिटांनी एकदा झाकण उचलून पाहा, त्याच्या आधी नको, आतली वाफ सालीला मऊ ठेवते अन ब्रेडला चढू देते.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर दोन्ही रॉड लावून २३० वर वीस मिनिटं तापवा, टिनवर दुसरा टिन पालथा घालून वीस मिनिटं, मंग वरचा काढून २०० वर पंचवीस मिनिटं. मधातच लाईट गेली तर दार उघडू नका, दहा-पंधरा मिनिटं गरमी टिकते, लाईट आल्यावर तेवढा वेळ वाढवा. लोडशेडिंगचं टाइमटेबल पाहूनच पीठ भिजवलेलं बरं.

झाला की नाही ते टिनमधून काढून बुडावर टिचकी मारून पाहा, पोकळ आवाज आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मधोमध ९६-९८ अंश.

माझा ब्रेड जड अन आत चिकट झाला, काहून?

बहुतेक वेळा तीन कारणं असतात. स्टार्टर अजून पोरगाच होता अन घाई केली. किंवा पीठ जास्त आंबलं, हे आपल्याकडे उन्हाळ्यात. तिसरं म्हणजे गरम-गरम कापला. आत चिकट लागण्याचं सगळ्यात मोठं कारण गरम कापणं हेच आहे, भट्टीतून काढल्यावर पण आतला स्टार्च बसत असतो. दोन तास तरी हात लावू नका. पूर्ण गव्हाचा ब्रेड दुसऱ्या दिवशीच खरा लागतो, पोरांना सांगून ठेवा. वरची साल फुटून एका बाजूनं कपार पडली तर ते कमी आंबल्याचं लक्षण, वरून सपाट किंवा खोलगट झाला तर जास्त आंबल्याचं. या दोन खुणा पाठ करा, पुढचा ब्रेड त्यावरूनच सुधारतो.

शुगरवाल्यांनी खाल्ला तर चालते का? अन गहू पचत नाही त्यांना?

आंबवलेल्या ब्रेडनं साखर साध्या पांढऱ्या ब्रेडपेक्षा हळू चढते, पण शेवटी तो गहूच आहे, कर्बोदकं आहेतच. पोळी मोजून खाता तसा मोजून खा अन डॉक्टरला विचारून. ज्यांना सिलिॲक हा ग्लुटेन न चालणारा आजार आहे त्यांनी हा ब्रेड अजिबात खाऊ नये. घरी आंबवल्यानं ग्लुटेन संपत नाही, कोणी कितीही सांगू द्या. या बाबतीत मला कोणाचं मन राखायचं नाही.

जवारीचं पीठ मिसळता येते का?

येते, अन मला तो ब्रेड सगळ्यात आवडते. पण पाचव्या हिश्शाच्या वर नको, म्हणजे ४०० मधे ८० ग्रॅम. जवारीत ग्लुटेन नाही म्हणून ती पिठाला धरत नाही. भाकरीला करतो तसं जवारीच्या पिठावर उकळतं पाणी टाकून, झाकून, थंड करून मंग मिसळा, ब्रेड दोन दिवस ओलसर राहतो. त्यासोबत झुणका अन कच्चा कांदा खाऊन पाहा.

किती दिवस टिकते?

थंडीत सुती कापडात गुंडाळून चार-पाच दिवस. उन्हाळ्यात दोन-तीन. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी कापून फ्रीझरमधे टाका अन तव्यावर गरम करून खा. साध्या फ्रीजमधे लवकर वातड होतो.

पंधरा दिवस लग्नाले जायचं आहे, स्टार्टरचं काय?

घट्ट खाऊ घाला, तासभर बाहेर ठेवा, मंग फ्रीजमधे. एरवी आठवड्यातून एकदा खाऊ घातलेला चांगला, पण पंधरा दिवस आरामात जातात, महिना पण जातो. आल्यावर दोन-तीनदा बाहेर खाऊ घातला की परत उठतो.

घरात फ्रीज नसेल, किंवा लाईटचा भरवसा नसेल, तर वाळवून ठेवा. चढलेला स्टार्टर प्लास्टिकवर पापडापेक्षा पातळ पसरा अन सावलीत पंख्याखाली वाळवा. आपल्याला सवय आहे सगळं उन्हात घालायची, पण इथं ऊन नको, मे महिन्यात गच्चीवर एवढं तापते की यीस्ट मरून जाते. कडक झाला की चुरून कोरड्या डब्यात घट्ट बंद करा, महिनोन् महिने राहते. मंग कधीही चमचाभर चुरा तेवढ्याच कोमट पाण्यात भिजवा, नरम झाला की चमचाभर कणीक, अन तीन-चार दिवस रोज खाऊ घाला. माहेरी, सासरी, पोरीच्या होस्टेलवर पुडी बांधून पाठवायला पण हाच चुरा सोपा पडते, एसटीत सांडत नाही.